झोळीचं कलम

एल्मी सकाळपासून धाकट्या बहिणीशी बोलत नव्हती. पण गप्प राहणं कांतून घराण्याच्या रक्तातच नव्हतं, म्हणून ती आईमार्फत बोलत होती.

"आई, तिला सांग, केळीची पानं आधी विस्तवावरून फिरवून घे. कच्ची गुंडाळली की फाटतात."

लिगिया दोन हातांच्या अंतरावरच उभी होती. "आई, तिला सांग, मला माहीत आहे. मीही याच अंगणात वाढलेय."

"आई, तिला विचार, मग या अंगणात पोरं कशात झोपतात ते कसं विसरली?"

आईचे, म्हणजे दोन्या लिंबानियाचे, हात कोपरापर्यंत मक्याच्या पिठात होते आणि शेंद्रीच्या बियांनी ते पीठ लालभडक झालं होतं. "मी काय टपालखातं आहे?" ती म्हणाली. "दुपारी मेलेली माणसं जेवायला यायचीत. समोरासमोर भांडा. तुमच्या बापाला जिवंतपणीही आडून बोललेलं कळत नसे."

पितरांच्या दिवसांत भांडण झालं नाही असं या घरात एकही वर्ष गेलं नव्हतं. गेल्या वर्षी जेवण पुरून भाजायचा खड्डा किती खोल खणायचा यावरून झालं, त्याआधी भाऊ विल्बर्थच्या दुसऱ्या मोटारीवरून. पण ती घरातली भांडणं होती. यंदा भांडणात राज्य सरकार होतं, आणि ते लिगियाच्या चपला घालून स्वयंपाकघरात उभं होतं.

तिशकोकोब गावातल्या निम्म्या बायका टांगून झोपायच्या झोळ्या विणतात. विणायची चौकट घरात उभी, दोन्ही हात दोऱ्यात, आणि रांगतं पोर चौकटीखालून गेलं की दिवसभराच्या कामाचा गुंता. म्हणून ती पोरं सकाळी एल्मीकडे येत. मागच्या अंगणातल्या लांब खोलीत ती गाणी म्हणत, चिखलाची भांडी करत, एकमेकांना चावत, आणि दुपारी भिंतीतल्या कड्यांना झोळ्या टांगून झोपत. उठली की झोळ्या गुंडाळून कडीला अडकवायच्या, खोली पुन्हा खेळायला मोकळी. वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं आणि मेरिदातल्या राज्य सरकारला त्याची खबर नव्हती. आता सरकारने लहान मुलांच्या शिक्षणाचं नवं धोरण आणायला घेतलं. अशा घरगुती बालवाड्यांना मान्यता मिळणार होती, आणि मान्यतेबरोबर एक शिकलेली बाई, मुलांना जेवण आणि एल्मीला पगार. मान्यता न मिळालेल्या बालवाड्या नव्या वर्षापासून बंद. धोरण लिहिणाऱ्या खात्यात आपली लिगिया आहे हे एल्मीचं गावात सगळ्यांना सांगून झालं होतं, बहिऱ्यांना दोनदा. भिंतींना चुनासुद्धा दिला होता.

मग गेल्या आठवड्यात तपासणीला एक तरुण बाई आली. तिने संडास पाहिला, विहिरीचं झाकण उचलून पाहिलं, फळा पाहिला, सगळं पसंत केलं. आणि मग विचारलं, "खाटा कुठे ठेवता?"

"कसल्या खाटा?"

"झोपायच्या. प्रत्येक मुलाला वेगळी खाट, गादीसकट. दोन खाटांमध्ये मोठं माणूस चालू शकेल एवढी जागा. मसुद्यात आहे."

एल्मीने भिंतीतल्या कड्या दाखवल्या. बाईने त्या पाहिल्या, ओळखल्याही. एल्मीने विचारलं, "बाई, तुम्ही रात्री कशात झोपता?"

"झोळीत," ती लाजून म्हणाली. "पण मी नियमात बसत नाही ना."

तेव्हापासून एल्मी जेवताना, झाडताना, पोरांची नाकं पुसताना तेच वाक्य स्वतःशी म्हणत होती.

लिगिया पानं विस्तवावरून फिरवत राहिली. पान काळपट हिरवं होऊन मऊ पडतं ते पाहण्यात बरं वाटत होतं, कारण तेवढा वेळ वर बघावं लागत नव्हतं.

तिला उशिरा का होईना, आठवलं होतं. हेच तर कुणाला सांगता येत नव्हतं. मसुद्याचा सांगाडा देशाच्या राजधानीतल्या एका तज्ज्ञाने दिला होता. तिकडे थंडी पडते आणि माणसं खाटांवर झोपतात. मेरिदात तो मसुदा टेबलावर घेऊन जी समिती बसली तिच्यातला प्रत्येक जण त्याच सकाळी झोळीतून उठून आला होता. अध्यक्षांच्या दिवाणखान्यात तर सोफ्यापेक्षा कड्या जास्त. तरी सगळ्यांनी मिळून खाटेच्या उंचीवर दोन बैठका घालवल्या. गादी कापसाची की स्पंजची यावर एक सभासद रागावून बाहेर गेले, आणि घरी जाऊन नक्कीच झोळीत पडले असतील. कुणाला झोळी आठवली नाही, कारण ती लिहून ठेवायची गोष्ट आहे असं कुणाला वाटलंच नाही. मुलांनी श्वास घ्यावा असं तरी कोण लिहितं?

समितीने मसुदा मंजूर केला त्या संध्याकाळी लिगिया घरी आली, चपला काढल्या, झोळीत पडली, पायाने भिंतीला एक रेटा दिला, आणि दुसऱ्या हेलकाव्याला ताडकन उठून बसली.

दुसऱ्या दिवशी तिने एक ओळ घातली. मग ती ओळ वाचली, खाली स्वतःचं नाव वाचलं, आणि ओळ काढून टाकली.

"खड्डा तयार," विल्बर्थ दारातून म्हणाला. गुडघ्यापर्यंत माती, शर्टाला धुराचा वास. त्याने एल्मीच्या खांद्यावर हात टाकला. "माझ्या बहिणीचा प्रश्न तो माझा प्रश्न. खाटा कसल्या? आपली पोरं झोळीतच झोपली पाहिजेत. ही आपली संस्कृती आहे."

एल्मीने त्याच्याकडे तिरकं पाहिलं. "माझ्या बहिणीचा प्रश्न तो माझा प्रश्न" हे तो आयुष्यात याआधी एकदाच म्हणाला होता, आणि त्यानंतर तिच्या शेळ्यांच्या गोठ्याचं त्याचं गोदाम झालं होतं. पण आज तिच्या बाजूने दुसरं कुणी नव्हतं. तिने हात खांद्यावर राहू दिला.

"संस्कृती," त्याची बायको ॲडी मिरच्या ठेचता ठेचता म्हणाली. "कालपासून फोनवर विचारतोय, राज्यात बालवाड्या किती. प्रत्येकीत पोरं किती."

"माहिती असावी माणसाला."

"गोदामही झाडून ठेवलंय."

"सणाला झाडतात." विल्बर्थ लिगियाकडे वळला. "लिसेन्सियादा, एक ओळीचं तर काम आहे."

कचेरीत सगळे तिला लिसेन्सियादाच म्हणत, पण भावाच्या तोंडी ती पदवी कायम चिमटा घेऊन यायची. लिगियाने हातातलं पान खाली ठेवलं.

"विल्बर्थ, माझं आडनाव काय?"

"कांतून. का?"

"आणि तू विकतोस त्या झोळ्यांच्या टोकाला जी चिंधी शिवलेली असते, तिच्यावर काय छापलेलं असतं?"

ॲडीचा वरवंटा थांबला.

"उद्या सगळ्या राज्यातल्या बालवाड्यांना झोळ्या लागतील असं एक कांतून लिहिणार," लिगिया म्हणाली, "आणि परवा दुसरा कांतून ट्रक भरून झोळ्या पाठवणार. वर्तमानपत्रवाले काय म्हणतील? पहिल्याच दिवशी माझं आख्खं धोरण कचऱ्यात. शिकलेल्या बायका, जेवण, पगार, सगळं. मी ती ओळ लिहिली होती. खोडली मीच."

"बरोबर केलंस," दोन्या लिंबानिया म्हणाली. "तुमच्या बापाने जन्मात कुणाची वाटीभर साखर खाल्ली नाही. त्याच्या नावाला कुणी बोट लावलं तर मी वर जाऊन काय सांगू?"

एल्मीने भावाचा हात खांद्यावरून काढला आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच बहिणीकडे सरळ पाहिलं.

"म्हणजे पोरांनी गादीवर घामाने चिंब होऊन रडायचं, का तर तुझं नाव स्वच्छ राहावं. तेवढ्या खाटा मांडल्या तर माझ्या खोलीत पोरांना उभं राहायला जागा नाही, खेळणं सोड. ठीक आहे. तू तुझं नाव धू आणि वाळत घाल. कड्या रिकाम्याच असतील माझ्या."

पिठाचे गोळे थापले गेले, आत कोंबडी आणि चवळ्या पडल्या, वर पिठाचं झाकण, पानांची घडी, दोरीची गाठ. विल्बर्थने पानांत बांधलेले ते जड पीब एकेक करून खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर उतरवले, वर डहाळ्या, वर माती. आता दोन तास करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि कांतूनांना तीच वेळ धोक्याची.

सगळे समोरच्या खोलीत आले. पितरांच्या फोटोंपुढे मेणबत्त्या लावलेल्या होत्या आणि मधोमध वडिलांची झोळी टांगलेली होती, या दिवसांत दरवर्षी टांगतात तशी, लांबून आलेल्या माणसाने जरा पाठ टेकावी म्हणून.

"मी ओळ लिहीन," लिगिया अचानक म्हणाली. सगळ्यांनी माना वळवल्या. "मंगळवारी मसुदा सचिवांकडे जातो. त्याआधी लिहीन. आणि सोबत लेखी देईन की माझं घर झोळ्यांच्या धंद्यात आहे, आणि कांतूनांची एकही झोळी राज्यातल्या कुठल्याही बालवाडीत विकली जाणार नाही. आज नाही, पुढेही नाही. विल्बर्थची सही लागेल."

विल्बर्थने वाकलेली एक मेणबत्ती सरळ केली.

"तसं पाहिलं," विल्बर्थ सावकाश म्हणाला, "तर खाट काही वाईट नाही."

एल्मीने आ वासला. "काय?"

"पाठीला बरी. परदेशात सगळे खाटेवरच झोपतात. उंच असतात ती माणसं."

"आणि मघाची संस्कृती?" ॲडीने विचारलं.

"संस्कृती मोठ्यांसाठी असते. पोरांची हाडं कोवळी."

"तू आयुष्यभर झोळीत झोपलास."

"मग बघ ना माझी पाठ." आणि आपली पाठ किती दुखते हे दाखवण्यासाठी तो कण्हत मागे झाला आणि धपकन झोळीत बसला.

ॲडीने छातीवर क्रूस काढला.

"ऊठ," दोन्या लिंबानिया म्हणाली. "बापाच्या अंगावर बसलायस."

विल्बर्थ असा उठला की झोळी छतापर्यंत गेली. ती थांबेपर्यंत सगळे तिच्याकडे बघत राहिले.

पण त्यानंतर जे झालं त्याची एल्मीला अपेक्षा नव्हती. आई मुलाच्या बाजूला गेली.

"लिगिया, सहीचं मात्र मला पटत नाही," ती म्हणाली. "आपल्यासाठी विणणाऱ्या बायका आहेत गल्लोगल्ली. सरकारचं एवढं मोठं काम आलं आणि त्यांच्या हाताला लागलं नाही, तर त्या काय म्हणतील? आणि ते काम जाईल कुणाकडे?"

नाव घ्यायची गरज नव्हती. दोन घरं पलीकडे रस्सेल तुयूब राहत होता. त्याच्या झोळ्यांची वीण सैल, आवाज मोठा, आणि कांतूनांशी त्याचं बोलणं वर्षातून फक्त याच दिवशी व्हायचं.

"तुयूबकडे," विल्बर्थ कोरड्या तोंडाने म्हणाला. "मी सही करायची आणि तुयूबने ट्रक भरायचे. मरेन पण करणार नाही."

"त्याच बायकांची पोरं माझ्याकडे असतात, आई," एल्मी म्हणाली. "दार बंद झालं तर विणणार कोण?"

"मी एल्मीच्या बाजूने," ॲडी म्हणाली. "नातू तिच्याकडे आहे म्हणून बरं. घरी असला की मला चावतो."

"तुला कुणी विचारलं?"

"बत्तीस वर्षांत कुणी विचारलं नाही. म्हणून आपणहून सांगितलं."

अशा रीतीने सकाळी दोन विरुद्ध दोन असलेलं भांडण दुपारी पुन्हा दोन विरुद्ध दोनच होतं, फक्त माणसं बदलली होती, आणि लिगिया मध्ये उभी राहून भावाच्या सहीची वाट बघत होती. ती जबरदस्तीने घेता येणार नव्हती. धंदा त्याच्या नावावर होता.

खड्डा उघडला तेव्हा वासाने सगळ्यांचीच बोलती बंद झाली. पहिला तुकडा फोटोंपुढे ठेवला. दुसरा, रिवाजाप्रमाणे, शेजाऱ्याला. तो घरच्या कर्त्या मुलानेच न्यायचा असतो, आणि ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्याकडे आधी.

"या वर्षी ॲडीला पाठव," विल्बर्थ म्हणाला.

आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो ताट घेऊन निघाला.

वाटेत त्याने उत्तरं तयार केली. तुयूब खवचटपणे विचारेल, बहिणीचं धोरण काय म्हणतं. तो म्हणेल, कसलं धोरण. तुयूब म्हणेल, ऐकलं काहीतरी. तो म्हणेल, पीब गरम आहे तोवर खा. पण फाटकाशी पोचला तर आतून करवतीचा आवाज येत होता. पितरांच्या दिवशी, करवत.

रस्सेल तुयूबने फाटक हातभरच उघडलं. त्याच्या मिशीत भुसा होता.

"ये. म्हणजे, येऊ नकोस, पसारा आहे. दे ताट."

विल्बर्थने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. अंगणभर फळ्या. भिंतीला टेकवून ठेवलेल्या, फरशीवर रचलेल्या, आणि मधोमध पोरांच्या मापाची एक खाट, तीन पायांवर उभी.

"हे काय?"

"लाकूड."

"ते दिसतंय."

"सरकारी खाटा." तुयूबला शेवटी राहवलं नाही. "तुझ्या बहिणीचा मसुदा महिनाभर नगरपालिकेच्या फळ्यावर लागलाय, विल्बर्थ. ज्याला वाचता येतं तो वाचतो. राज्यातल्या प्रत्येक पोराला एक खाट. मी सुताराला आणि त्याच्या दोन्ही भावांना वर्षभरासाठी बांधून घेतलंय."

"आणि झोळ्या?"

"झोळ्यांना आता कोण विचारतो? धंदा बंद केला. विणायच्या चौकटी मोडल्या. जुनं लाकूड, मजबूत." त्याने खाटेकडे बोट दाखवलं. "पाय बघ. त्याचेच केलेत."

विल्बर्थने पाय पाहिले. बराच वेळ पाहिले.

"छान आहेत," तो म्हणाला.

"बहिणीला माझा नमस्कार सांग. दूरदृष्टीची मुलगी."

"सांगतो," विल्बर्थ म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तुयूबचा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

घरी सगळे जेवायला बसले होते. तो उन्हातून पळत आल्यासारखा दारात उभा राहिला.

"लिही," तो लिगियाला म्हणाला. "कुठे सही करू?"

"याला ऊन लागलं," ॲडी म्हणाली.

"कांतूनांची एकही झोळी विकणार नाही. पुढेही नाही. फुकट दे म्हणालात तरी देणार नाही. फक्त ओळ लिही, लिगिया. ठळक लिही."

"मग झोळ्या पुरवणार कोण?" आईने विचारलं. "तुयूब?"

"कुणीही पुरवू दे. तुयूब सोडून." आणि त्याने फळ्यांचं, करवतीचं, चौकटीच्या पायांचं सगळं सांगितलं. मध्येच तो इतका हसला की ॲडीने त्याला पाणी दिलं.

"पितरांच्या दिवशी दुसऱ्याच्या नुकसानीवर हसू नये," दोन्या लिंबानिया म्हणाली, आणि चॉकलेटच्या पेल्यात तोंड घालून इतकी हसली की पेला हिंदकळला.

लिगिया हसली नाही. "त्याला कळवायला हवं," ती म्हणाली. "माझ्या चुकीवर त्याने लाकूड घेतलंय."

"उद्या कळव," विल्बर्थ म्हणाला. "आजचा दिवस मला दे."

एल्मीने आपल्या ताटातला करपलेला, कुरकुरीत कोपरा मोडून लिगियाच्या ताटात ठेवला. तो तुकडा या घरात कुणी कुणाला देत नाही. "खा आणि लिही," ती म्हणाली. "उंची घाल. जमिनीपासून माझ्या गुडघ्याखाली. पोर पडलं तर रडण्याऐवजी पुन्हा चढतं."

"तुझ्या गुडघ्याखाली असं सरकारला सांगू?"

"मग मोज माझा गुडघा."

शिवणाची टेप आली. एल्मी खुर्चीवर पाय ठेवून उभी राहिली, लिगिया खाली बसली. आईने वीण दुहेरी हवी असं बजावलं. विल्बर्थ म्हणाला, दोरा सुती लिही, तिशकोकोबचा. लिगियाने सुती लिहिलं आणि तिशकोकोब लिहिलं नाही. तो कुरकुरला, पण सही केली, आणि सहीखाली एक लांब रेघ ओढली, जशी तो फक्त मोठ्या सौद्यांखाली ओढायचा.

"सचिवबाईंना पटेल ना?" एल्मीने हळूच विचारलं. "खरं सांग."

"माहीत नाही. मला आधी सांगावं लागेल की समितीत चूक झाली आणि ती माझ्याही लक्षात आली नाही. ओरडतील. मग बहुतेक घरी जाऊन झोळीत पडतील आणि विचार करतील." लिगियाने कागद सरळ केला. "दार बंद होऊ देणार नाही, एल्मी. एवढं मी बघेन."

एल्मीने मान हलवली आणि वळून उगाचच ताटं गोळा करायला लागली.

"वाच तर खरं," आई म्हणाली.

लिगियाने वाचलं. मुलांना दुपारी झोळीत झोपवावं. झोळी सुती आणि दुहेरी विणीची असावी. ती जमिनीपासून मोठ्या माणसाच्या गुडघ्याहून उंच नसावी. उठल्यावर ती गुंडाळून ठेवावी.

दोन्या लिंबानिया वाट बघत राहिली. "पुढे?"

"संपलं."

"हे तर सगळ्यांना माहीत आहे."

"हो."

"आणि हे लिहायला सरकार तुला दर महिन्याला पगार देतं?"

"देतं, आई."

"खाटांचं लिहिलंस तेव्हाही दिला होता?"

"तेव्हाही."

म्हातारीने रुमालाने हात पुसले, थोडा विचार केला, आणि लेकीच्या ताटात अजून एक तुकडा वाढला.

"चांगली नोकरी आहे," ती म्हणाली. "सोडू नकोस."